डेपोतला ब्रश आणि चार जोड बूट

मावशी नेमकी कुणाची मावशी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तिला बहीण नव्हती, त्यामुळे नात्याने ती कुणाचीच मावशी लागत नव्हती. तरी डुकरांच्या फार्मचे मालक तिला मावशी म्हणत, खाद्याची गाडी आणणारा मावशी म्हणे, आणि पहिल्या दिवशी गेटवर उभा राहिलेला मी, जनावरांचा नवाकोरा डॉक्टर, मीही दुसऱ्याच वाक्याला मावशी म्हणून मोकळा झालो. तोंडाने मी तिला कायम अहो-जाहो केलं. मनात मात्र ती ‘ती’च होती, म्हणून इथेही ती.

उंच, सडपातळ, पन्नाशी ओलांडलेली. पाय खाली टेकवावा की नको याचा विचार करत असल्यासारखी चालायची. काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागे. आपला प्रश्न कुठून तरी लांबून निघून तिच्यापर्यंत पोचतो आहे असं वाटे. फार्मवरची माणसं तिच्या पाठीमागे तिला झोपाळू म्हणत. मीही म्हणालो असेन. त्या वयात मला सगळं झटपट लागायचं, आणि आपल्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत होती.

पाण्याच्या टाकीमागे एकीला लागून एक अशा चार लांबट शेड होत्या. पहिलीत माद्या आणि त्यांची अंगावर पिणारी पिल्लं, दुसरीत दूध सुटलेली, तिसरीत वाढीला लागलेली आणि चौथीत अंगाने भरलेली, विक्रीची. सकाळी दार सरकवलं की आतून उबदार वाफ बाहेर यायची. तिच्यात खाद्याच्या पिठाची धूळ तरंगत असायची, आणि छतातल्या एका पारदर्शक पत्र्यातून उतरलेला उजेड त्या धुळीत अडकून राहायचा. त्या उजेडात मावशी उभी असायची. हातात ब्रश, आणि भोवती वीस-पंचवीस डुकरं, डोळे मिटून, एकमेकांना रेलून. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा दारातच थांबलो. वासामुळे नव्हे, वास कॉलेजातच अंगवळणी पडला होता. न विचारता कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं वाटलं म्हणून थांबलो.

तो ब्रश तिच्या नवऱ्याचा. नवऱ्याने तीस वर्षं बस चालवली होती. डेपोत बस धुवायला वेगळी माणसं होती, पण त्यांचं धुणं या गृहस्थाला पटायचं नाही. म्हणून त्याने स्वतःचा ब्रश ठेवला होता. जाड लाकडी पाठ, काथ्याचे दाट, राठ केस आणि हातभर दांडा. निवृत्त झाला तेव्हा त्याने घरी तीन वस्तू आणल्या. एक टोपी, निरोपाला मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ आणि हा ब्रश. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं, टोपी कुणी घालेना, ब्रश मावशीने उचलला.

“बस काही बोलायची नाही,” ती मला म्हणाली होती. “ही बोलतात. खाजवलं की कशी कुरकुरतात बघा.”

पण हे लाडाचं काम नव्हतं. ब्रश घेऊन ती कप्प्यात शिरली की सगळी डुकरं धावत येत. मान घासून घ्यायची, मग कानामागे, मग पाठीचा कणा, मग शेपटीच्या वर. आणि मावशी त्यांच्याकडे बघतच नसे. ती बघे कोपऱ्यात. “जे ब्रशला येत नाही ते बघायचं,” हा तिचा नियम. न येणारं डुक्कर दुपारपर्यंत तापलेलं असायचं. मला एका जनावराला थर्मामीटर लावायला दोन माणसं, एक दोर आणि भरपूर शिव्या लागत. तिला काहीच लागत नसे. मी मालकांना मोठ्या दिमाखात सांगितलं, “मावशींचा ब्रश आहे तोवर फार्मला निम्मा डॉक्टर पुरेल.” हे वाक्य पुढे मला गिळावं लागलं.

दुपारी जेवण झालं की खाद्याच्या कोठीत पोत्यांवर ती वीस मिनिटं पडायची. उठली की स्वप्न सांगायची. समोर कोण आहे याच्याशी तिला कर्तव्य नसे. एकदा डुकरं बसमध्ये बसून चालली होती आणि नवरा त्यांना तिकिटं मागत होता. एकदा शेडचं छत उघडं होतं आणि आत कमरेइतका उजेड साठला होता, त्यातून ती चालत होती. मी हसायचो, आणि संध्याकाळी घरी जाताना मला तो कमरेइतका उजेडच आठवत राहायचा.

मी आल्यानंतर सहा महिन्यांनी मालकांनी बाहेरून चाळीस वाढीची जनावरं आणली. नवं जनावर महिनाभर तरी वेगळं ठेवावं असं शास्त्र सांगतं. वेगळी जागा नव्हती, मालकांना घाई होती आणि मला नाही म्हणायची हिंमत नव्हती. चाळीसच्या चाळीस तिसऱ्या शेडमध्ये गेली. बाराव्या दिवशी मावशी म्हणाली, “डॉक्टर, कोपऱ्यातलं ब्रशला येत नाही.”

दुसऱ्या दिवशी तीन येईनात. तिसऱ्या दिवशी नऊ. शेण आधी राखाडी, पातळ. मग त्यात शेंबडासारखी आव. मग आवेत रक्ताचे धागे. कुशी आत गेलेल्या, शेपट्या खाली. एक मेलं ते मी उघडलं. मोठं आतडं आतून सुजून लाल झालं होतं. रक्ती हगवण. आतड्याच्या आतली खरवड काचेवर घेतली आणि कोठीतल्या टेबलावर माझा मायक्रोस्कोप मांडला. मावशी मागे येऊन उभी राहिली, तशी मी बाजूला झालो.

ती बराच वेळ एका डोळ्याने बघत राहिली. आत वळ्यावळ्यांचे बारीक जंतू सुळसुळत होते.

“हे चाललेत का हो?”

“चाललेत.”

“कुठे?”

मग मी जे येत होतं ते सांगितलं. हे शेणातून बाहेर पडतात आणि तोंडातून आत जातात. बरं झालेलं, दिसायला ठणठणीत डुक्करही यांना महिनोन् महिने पोटात घेऊन हिंडतं. उंदरांच्या पोटातही राहतात. थंड, ओल्या शेणात आठवडेच्या आठवडे जगतात. “पाण्याला हे भीत नाहीत, मावशी. सुकण्याला भितात. सुकलं की मेले.”

“सुकलं की मेले,” ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी पोत्यांवरून उठली ती सांगत. वळ्यावळ्यांची रांगच्या रांग चालली होती, प्रत्येकाच्या डोक्यावर एक छोटं गाठोडं. तिला थांबवून पत्ता विचारत होते. दुसरी शेड कुठे, पहिली शेड कुठे. “मी सांगितलाच नाही,” मावशी समाधानाने म्हणाली. “म्हटलं, मी इथली नाही.”

मग आमची लढाई सुरू झाली. पिण्याच्या पाण्यातून औषध. शेणाचे पाट रोज खरवडायचे. काम नेहमी लहानांकडून मोठ्यांकडे, पहिली शेड ते चौथी, उलट फिरायचं नाही. आणि माझी सगळ्यात लाडकी युक्ती, म्हणजे चार शेडना चार रंगांचे बूट. पहिलीला पांढरे, दुसरीला पिवळे, तिसरीला हिरवे, चौथीला काळे. दारात बाक, बाकाखाली बूट, बाकापुढे औषधाच्या पाण्याचं घमेलं. एका शेडचा बूट दुसऱ्या शेडच्या फरशीला लागता कामा नये.

बाकीची माणसं माझी नजर चुकवून टाळाटाळ करत. मावशी नाही. ती दर दारात बाकाशी थांबायची, एका पायावर उभी राहून बूट काढायची, पाय अधांतरी ठेवून दुसरा चढवायची. तोल जाऊ नये म्हणून ब्रश काखेत धरलेला असायचा. कधी फारच डगमगली तर म्हणायची, “डॉक्टर, जरा हे धरा हो.” मी धरायचो. शेडमागून शेड, ब्रश हातात घेऊन मी अदबीने उभा राहायचो, ती बूट बदलायची, आणि मग मी तिच्या हातात ब्रश परत द्यायचो. तिच्या काटेकोरपणाचं मला कौतुक वाटायचं. भरून यायचं म्हटलं तरी चालेल.

घरी तिचा नवरा म्हणायचा, “मला चपलेचा अंगठा शिवायला वेळ नाही, आणि डुकरांसाठी चार जोड बूट!” त्यांच्या दोन खोल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होत्या. जिन्याखालच्या मोरीत तो रोज संध्याकाळी गरम पाण्याची बादली भरून ठेवायचा, आणि आंघोळ केल्याशिवाय तिला वर येऊ द्यायचा नाही. ती वर आली की चहा तयार असायचा. मी दोन-तीनदा त्या चहाला बसलो आहे. तो अखंड बोलायचा, ती खिडकीतून समोरच्या छपरावर उतरणारं ऊन बघत बसायची, आणि मधेच त्याच्या बोलण्यातल्या चौथ्या वाक्याला उत्तर द्यायची. तोवर तो दहाव्याला पोचलेला असायचा. संसार उत्तम चालला होता.

हगवण आटोक्यात आली. मालकांनी मला पेढे-बिढे काही दिले नाहीत, पण खांद्यावर हात ठेवला. दहा आठवडे गेले. अकराव्या आठवड्यात मावशी चौथ्या शेडमधून आली, बाकावर बसली, आणि बूट बदलायचंच विसरली.

“एक येत नाही,” ती म्हणाली.

आठवड्यात चौथ्या शेडला रोग लागला, तिसरीला तर पुन्हा. दुसरीतली दूध सुटलेली पिल्लंही पातळ हगू लागली, हे नवीन होतं. मी उंदरांवर खापर फोडलं. सापळे लावले, बिळं सिमेंटने बुजवली, सांडलेला दाणा-न्-दाणा उचलायला लावला, कुंपणालगतचं गवत कापून काढलं. रोज सकाळी मेलेले उंदीर मोजायचो. उंदीर काही संन्यासी नव्हेत, हा रोग ते पसरवतात हे खरंच आहे. पण इथे मी चोर सोडून त्यांनाच फाशी देत सुटलो होतो.

मालक एका दुपारी कोठीत आले. उभ्यानेच बोलले. “तिन्ही मोठ्या शेड रिकाम्या करतोय. सगळी जनावरं विकून टाकायची. माद्या तेवढ्या ठेवू, त्यांना औषध चालू राहू दे. शेड धुवा, सुकवा, काय करायचं ते करा. मग चांगल्या फार्ममधून नवी पिल्लं आणतो. पण हे शेवटचं, डॉक्टर. पुन्हा एक जरी रक्त हगलं, तर माद्याही विकीन आणि गेटला कुलूप लावीन. मला झोप नाही आता.”

ते गेले. मावशीने विचारलं, “कुलूप म्हणजे माद्यांचंही?”

“सगळ्यांचंच.”

“मग सकाळी उठून मी कुठे जाऊ?” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि मी काहीतरी फालतू धीर दिला.

ट्रक आले, गेले. शेड एकेक करून रिकाम्या झाल्या. आम्ही फरश्या खरवडल्या, फवाऱ्याने धुतल्या, जंतुनाशक मारलं, भिंतींना चुना दिला. मग दारं, झरोके सताड उघडून तीन आठवडे नुसतं सुकू द्यायचं. हे सुकणं हेच खरं औषध. माझ्या नोकरीत मी इतके शांत दिवस पाहिलेले नाहीत. पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी, या टोकाकडून त्या टोकाकडे जाणारा वारा. माणूस बोलला तर त्याचा आवाज शेडभर हिंडून परत यायचा. सकाळचा उजेडाचा चौकोन पश्चिमेच्या भिंतीवर असायचा, दुपारी फरशीवर यायचा, आणि मावशी त्याच्याबरोबर आपलं बसणं हलवायची. पोत्यांवर झोपणं तिने सोडून दिलं होतं. त्या कोऱ्या फरशीवरच आडवी व्हायची. “इथे पडलं की गेलेली डुकरं ऐकू येतात,” ती म्हणाली. मीही एकदा पडून बघितलं. मला फक्त पत्रा तापून टकटकताना ऐकू आला, पण उठावंसं वाटेना.

रोज सकाळी ती पहिल्या शेडमध्ये माद्यांना मात्र खाजवून यायची. पांढरे बूट घालून.

नवी पिल्लं येणार त्याच्या आधीचं मला तिच्या नवऱ्याने सांगितलं. सुट्टीचे तीन दिवस होते. नव्या पिल्लांसाठी सगळं नवं हवं म्हणून मावशीने ब्रश घरी आणला, साबणाने घासला आणि खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याने कट्ट्यावरचं वर्तमानपत्र उचललं, तर ते ओलं.

“उचल तो ब्रश,” तो म्हणाला. “त्याची जित्याची खोड आहे ती.”

“कसली?”

“अगं, तो सुकत नाही. डेपोत सोमवारी धुतलेला ब्रश शनिवारी मांडीवर ठेवला तर पँट भिजायची. वरून राठ, मुळाशी ओला. तीस वर्षांत एकदा सुकला असेल तर शपथ.”

नेहमीप्रमाणे तो पुढे बोलत राहिला. या खेपेला मात्र मावशीला पहिलंच वाक्य पोचलं होतं. ती उठली, ब्रश घेतला, आणि केसांच्या मुळाशी अंगठा रुतवला. अंगठा काळा आणि ओला होऊन बाहेर आला. तिने तो नाकाशी नेला.

“तीनदा हाक मारली मी,” नवरा मला म्हणाला. “चहावर साय आली. हिला वेड लागलं की काय असं वाटलं मला. मग म्हणाली, सगळ्यांना मीच पोचवलं. म्हटलं, कुणाला? तर रडायला लागली.”

कळल्यावर त्याने नवऱ्यासारखा सल्ला दिला. “दे कचऱ्यात टाकून. कुणाला कळतंय? उद्या नवा आणू.” खरंच कुणालाच कळलं नसतं. मला तर मुळीच नाही. पण मावशी म्हणाली, “आणि माद्यांचं काय? सुट्टी लागेपर्यंत त्यांना मी यानेच खाजवलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लांचा ट्रक गेटशी आला तेव्हा मावशी गेटच्या बाहेर उभी होती, घरच्या चपलांत. हातात दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला ब्रश. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, ती हलत नव्हती. मालक आतून आले, मी धावत आलो. तिने पिशवी माझ्यापुढे धरली.

“डॉक्टर, याच्यात बघा. हा सुकत नाही.” आणि मग मालकांना, “मालक, पिल्लं माद्यांच्या जवळ उतरवू नका. रोग मी नेलाय. बूट बदलले, हा नाही बदलला.”

मी त्या पिशवीकडे बघत उभा राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत दहादा वाक्यात वापरली असेल. इथे तर वस्तू खरोखरच काखेत होती. बूट रंगवारी लावणारा, उंदीर मोजणारा मी, रोज ती बघत होतो.

मालकांचा चेहरा पांढरा पडला. “चार जोड बूट, औषधाची घमेली, माणसांवर ओरडणं,” ते सावकाश म्हणाले, “आणि हा ब्रश रोज चारही शेड हिंडून सकाळी पुन्हा पहिलीत जात होता? कुणी जाऊ दिला?”

मावशीने तोंड उघडलं. ती ‘मी’ म्हणणार हे दिसत होतं.

“मी,” मी म्हणालो. “त्या बूट बदलायच्या तेव्हा मीच तो धरून उभा राहायचो.”

यानंतर मालक जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं बरंचसं योग्यच होतं. ट्रकमध्ये पिल्लं चिरकत होती. शेवटी मी पटापट सांगितलं. पिल्लं सगळ्यात लांबच्या, चौथ्या शेडमध्ये. त्यांना बघणारा माणूस वेगळा, तो दुसरीकडे फिरकणार नाही. माद्यांना पुन्हा औषध, त्यांच्या शेणाची तपासणी. ब्रश प्रयोगशाळेत. आणि मावशीने निकाल येईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. ती नुसती मान हलवून बाजूला झाली, आणि ट्रक आत गेला.

बारा दिवस ती रोज वेळेवर आली. गेटबाहेरच्या दगडावर बसायची, दुपारी घरी जायची. मी जाता-येता थांबायचो.

“ते वळ्यावळ्यांचे पुन्हा आले का हो स्वप्नात?” एकदा मी विचारलं. तिचं मन जरा दुसरीकडे जावं म्हणून.

“आले ना,” ती म्हणाली. “आता पत्ता विचारत नाहीत. कशाला विचारतील? मी घेऊनच हिंडत होते त्यांना. फुकट, बिनतिकीट.” ती हसायला गेली, पण ते जमलं नाही.

तेराव्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद आला. ब्रशच्या मुळाशी तेच जंतू, जिवंत. माद्यांच्या शेणात काही सापडलं नाही. औषध तोवर सुरू झालंच होतं. मालकांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, आणि गेटबाहेर गेले. मी मागोमाग.

“मावशी,” ते म्हणाले, “तुम्ही बोलला नसतात तर हा गाढव अजून उंदीर मोजत बसला असता. चला आत. बूट घाला.”

गाढव मी. मला फार आनंद झाला.

ब्रशचा उरलेला भाग प्रयोगशाळेने परत पाठवला होता. त्या संध्याकाळी, मेलेली जनावरं जाळायच्या खड्ड्यात आम्ही तो टाकला. मावशीचा नवराही आला होता, डेपोची टोपी घालून. ब्रश पेटायलाच तयार नव्हता. केस चुरचुरले, लाकडातून पाणी फसफसत बाहेर आलं, धूर झाला. “बघितलंस,” नवरा म्हणाला, “म्हटलं नव्हतं?” मग त्याने टोपी काढून हातात धरली, आणि जाळ लागेपर्यंत बोलला नाही. तो इतका वेळ गप्प राहिलेला मी ना त्याआधी पाहिला, ना त्यानंतर.

नवा ब्रश कुणी आणला नाही. प्रत्येक शेडला एक ब्रश ठेवू असं मी सुचवलं, पण मावशीने कानाला खडा लावला होता. आता फक्त हात. दर दारात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले. अडचण अशी की नव्या पिल्लांना ब्रश माहीतच नव्हता आणि ती तिच्याकडे येईनात. साठच्या साठ लांब उभी राहून बघायची. जे येत नाही ते आजारी, हा तिचा नियम मोडीत निघाला होता, कारण कुणीच येत नव्हतं. मग ती बादली उपडी घालून कप्प्यात बसायला लागली. हात गुडघ्यांवर, तळवे वर. चौथ्या दिवशी एकाने बुटाचं टोक चावून बघितलं. पंधरवड्यात सगळी यायला लागली.

दोन महिने झाले, अडीच झाले. मागच्या खेपेला रोग अकराव्या आठवड्यात परतला होता. तो आठवडा लागला तेव्हा मालक रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून आमच्याबरोबर शेडमध्ये येऊ लागले. आम्ही दोघं कठड्याशी उभे राहायचो. मावशी आत जाऊन बादलीवर बसायची, आणि मी मनात मोजायचो.

त्या आठवड्याच्या शेवटच्या सकाळी शेवटच्या कप्प्यात एकोणीस आली. विसावं कोपऱ्यात आडवं होतं, तोंड भिंतीकडे.

मालकांनी कठडा घट्ट धरला. मी खिशातून थर्मामीटर काढला. मावशीने एकोणिसांवरून हात काढला, उठली, आणि आपल्या त्या अधांतरी चालीने कोपऱ्याकडे गेली. तिथे ती वाकली. खूप वेळ वाकून राहिली. उजेडाचा चौकोन तिच्या पाठीवर होता.

“मावशी,” मालक म्हणाले. “काय आहे?”

तिने मागे न बघता हात वर करून आम्हाला गप्प केलं. तेव्हा मला दिसलं. पिल्लाच्या पापण्या हलत होत्या. पुढचे दोन पाय पडल्या जागी धावत होते, आणि मधेच त्याने तोंड हलवून काहीतरी चघळलं.

“स्वप्न बघतंय,” मावशी कुजबुजली. “उठवू नका कुणी.”

ती तिथेच फरशीवर बसली. आम्ही दोघं मोठी माणसं कठड्याला धरून उभे राहिलो, एका डुकराच्या पिल्लाचं स्वप्न संपायची वाट बघत. मालकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. बऱ्याच वेळाने पिल्लाचे पाय थांबले. त्याने डोळे उघडले, समोर कोण आहे ते बघितलं, उठून अंग झाडलं, आणि आपली मान तिच्या ओल्या, धुतलेल्या हाताखाली घातली.

“आलं,” मावशी म्हणाली.